मिश्रणाचा हिशेब

गवळ्यानें दुधांत पाणी घातलें, हें वाक्य मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या दोन ठिकाणीं ऐकूं येत आलें आहे. सकाळीं दाराशीं तें तक्रारीच्या सुरांत उच्चारलें जातें. आणि संध्याकाळीं मुलगा अंकगणिताचें पुस्तक उघडून बसला म्हणजे तेंच वाक्य अगदीं शांतपणें एखाद्या उदाहरणाच्या आरंभीं उभें असतें. ४० शेर मिश्रणांत दूध व पाणी यांचें प्रमाण ७ : १ आहे, तें ५ : २ होण्यास आणखी किती पाणी घालावें लागेल? शेर जाऊन लिटर आले, गवळ्याच्या चरवीची जागा पिशवीनें घेतली, तरी उदाहरण गेलें नाहीं. गवळ्यानें पाणी कां घालावें, आणि तें किती घालावें हें पुस्तकानें कां शिकवावें, असा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाहीं.

उदाहरण सुटतें तें एका साध्या युक्तीनें. पाणी बदलत आहे, एकूण मिश्रण बदलत आहे, प्रमाण बदलत आहे. बदलत नाहीं तें फक्त दूध. ४० शेरांत तें ३५ शेर होतें आणि कितीही पाणी ओतलें तरी तें ३५ शेरच राहणार. हे ३५ शेर नव्या प्रमाणांतील पांच भाग झाले. म्हणजे एक भाग ७ शेरांचा आणि पाण्याचे दोन भाग १४ शेरांचे. पांच शेर पाणी आधींच होतें. नऊ शेर आणखी हवें. जें स्थिर आहे तें घट्ट धरावें आणि बाकीचें त्याच्याभोंवतीं फिरूं द्यावें, एवढेंच या गणिताचें मर्म आहे.

परंतु या हिशेबांत एक गोष्ट न बोलतां गृहीत धरलेली असते. ४० शेरांत ९ शेर घातले म्हणजे ४९ शेर होतात, ही ती गोष्ट. ती इतकी उघड वाटते कीं तिच्याकडे कोणाचें लक्षच जात नाहीं. मिश्रणाच्या गणिताचा इतिहास पाहूं गेलें तर तो बऱ्याच अंशीं या न बोललेल्या गृहीताचाच इतिहास आहे. आणि तें जेव्हां खोटें ठरलें तेव्हां त्याची खरी झळ शाळेला लागली नाहीं, सरकारच्या तिजोरीला लागली.

द्रवांच्या मिश्रणाचें एक अतिशय जुनें उदाहरण आज उपलब्ध आहे. तें दुधाचें नसून बीअरचें आहे. इजिप्तमध्यें आहमोस नांवाच्या लेखनिकानें इ. स. पूर्वीं सुमारें १५५० मध्यें, आपल्याहून जुन्या एका ग्रंथावरून, गणिताची एक गुंडाळी उतरून काढली. अलेक्झांडर हेन्री ऱ्हिंड या स्कॉटिश गृहस्थानें ती १८५८ सालीं लक्सर येथें विकत घेतली, आणि १८६५ पासून ती लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. या गुंडाळींतील ७१ वें उदाहरण असें आहे: अर्धा हेकत धान्य लावून एक घडा बीअर तयार केली. त्यांतील पाव घडा ओतून काढला आणि त्या जागीं तेवढेंच पाणी भरलें. आतां या बीअरची जात कोणती?

हेकत हें धान्याचें माप. बीअरची जात सांगण्याची इजिप्शियन पद्धत मोठी व्यवहारी होती. एका हेकत धान्यापासून जितके घडे निघत तो त्या बीअरचा आंकडा. त्याला ‘पेसू’ म्हणत. आंकडा जितका लहान तितकी बीअर कडक. अर्ध्या हेकतीचा एक घडा, म्हणजे मूळचा आंकडा २. आतां आहमोस काय करतो? तो पाण्याकडे ढुंकूनही पाहत नाहीं. पाव घडा बाहेर गेला म्हणजे अर्ध्या हेकतीचा पाव भाग, अर्थात्‌ एक अष्टमांश हेकत धान्य, बाहेर गेलें. घड्यांत उरलें तीन अष्टमांश. तीन अष्टमांश हेकतीचा एक घडा, तर एका हेकतीचे घडे किती? दोन आणि दोन तृतीयांश. हीच नवी जात. त्या देशांत मजुरी भाकरी व बीअर यांच्या रूपानें चुकती होत असे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हा हिशेब निव्वळ बुद्धीचा खेळ नव्हता हें कळतें. घडा तोंडापर्यंत भरलेला असूनही मजुराची मजुरी त्यांतून चोरतां येत असे. आणि ती किती चोरली गेली हें सांगण्याची रीत लेखनिकाच्या हातीं होती. ती त्यानें मजुराच्या बाजूनें वापरली कीं मालकाच्या, हें गुंडाळी सांगत नाहीं.

हेंच काम पुनःपुन्हां केलें तर काय होईल, हा प्रश्न पुढें युरोपांतील अंकगणितांना फार आवडला. धन्याच्या पिंपांतून रोज थोडी वाइन काढून तेवढेंच पाणी भरणारा नोकर त्या पुस्तकांत भेटतो. दहा शेरांच्या चरवीवर तोच प्रयोग करून पाहावा. एक शेर दूध काढून एक शेर पाणी घातलें कीं नऊ दशांश दूध उरतें. दुसऱ्या वेळीं काढलेला शेर शुद्ध दुधाचा नसतो, त्यांत पाणीही जातें. म्हणून या वेळीं नऊ दशांशाचे नऊ दशांश, म्हणजे शंभरांत ८१ भाग उरतात. सहाव्या फेरीनंतरही निम्म्याहून अधिक दूध शिल्लक असतें. सातव्या फेरीला तें निम्म्याखालीं उतरतें. आणि गंमत अशी कीं, कितीही फेऱ्या झाल्या तरी हिशेबाप्रमाणें दूध कधींच शून्य होत नाहीं. गवळ्याला शपथ घ्यावयास तेवढी जागा गणितानें ठेवलेली आहे.

भारतांत या गणिताचें माहेर म्हणजे सोनाराची मूस. मुशींत वितळलेलें सोनें हेंही एक द्रवच; फरक इतकाच कीं तें मापानें ओतीत नाहींत, तराजूनें तोलतात. पेशावरजवळ बख्शाली येथें १८८१ सालीं सांपडलेल्या भूर्जपत्रांवरील हस्तलिखितांत सुवर्णाच्या क्षयाचीं गणितें आहेत. नवव्या शतकांतील जैन गणिती महावीराचार्य यांच्या ‘गणितसारसंग्रहां’तही तीं आहेत. परंतु महाराष्ट्रांतील वाचकाला जवळचीं वाटावीं अशीं उदाहरणें ‘लीलावतीं’त आहेत. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा, आपलें गांव विज्जडवीड हें सह्याद्रीच्या आश्रयाचें आहे असें त्यांनींच लिहून ठेविलें आहे. चाळीसगांवजवळ पाटण येथें जो शिलालेख आहे त्यावरून त्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापिला हें समजतें. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी यांनीं एकोणिसाव्या शतकांत तो लेख विद्वानांच्या नजरेस आणला.

इ. स. ११५० मध्यें रचलेल्या ‘लीलावतीं’त ‘मिश्रव्यवहार’ असें एक प्रकरण आहे. मुद्दल आणि व्याज यांची एकत्र झालेली रक्कम, भागीदारांचे वांटे, अनेक झऱ्यांनीं एकदम भरणारी वापी, आणि निरनिराळ्या कसांचें सोनें, हें सारें भास्कराचार्यांनीं एका छपराखालीं आणलें. व्याज आणि सोनें यांत सामान्य माणसाला नात्याचा धागा दिसत नाहीं. गणित्याला दिसला, यांतच गणित्याचें गणितीपण आहे.

सोन्याचा कस त्या काळीं ‘वर्ण’ या आंकड्यानें सांगत. १६ वर्णांचें सोनें तें शुद्ध. भास्कराचार्य विचारतात: १३ वर्णांचें सोनें १० मासे, १२ वर्णांचें ४ मासे, ११ वर्णांचें २ मासे आणि १० वर्णांचें ४ मासे, असें एकत्र आटविलें तर त्या लगडीचा वर्ण कोणता? (श्लोकांत तेराला विश्व, बाराला अर्क आणि अकराला रुद्र म्हटलें आहे, तेव्हां विद्यार्थ्याला सोन्याच्या आधीं देवांची गणती यावी लागे.) प्रत्येक सोन्याचा वर्ण आणि वजन यांचा गुणाकार करावा: १३०, ४८, २२ आणि ४०. बेरीज २४०. एकूण वजन २० मासे. भागाकार केला कीं १२ वर्ण. पण भास्कराचार्य येथें थांबत नाहींत. ही लगड भट्टींत शुद्ध करतां करतां २० माशांची १६ मासे झाली तर वर्ण कोणता? २४० ला १६ नीं भागावें, उत्तर १५. आणि तीच १६ वर्णांची, म्हणजे पूर्ण शुद्ध झाली तर मासे किती उरतील? १५. हीण जळून जातें, वजन घटतें, वर्ण चढतो. २४० हा आंकडा मात्र जागचा हलत नाहीं. आहमोसाचें धान्य तेंच भास्कराचार्यांचे २४०.

याच प्रकरणांत उलट दिशेचाही प्रश्न आहे. १६ वर्णांची एक गुटिका आणि १० वर्णांची दुसरी. दोन्ही मिळून १२ वर्णांचें सोनें झालें. तर प्रत्येकीचें वजन काय प्रमाणांत होतें? नियम असा कीं, मोठ्या वर्णांतून इच्छित वर्ण वजा करावा, इच्छित वर्णांतून लहान वर्ण वजा करावा, आणि हीं दोन अंतरें अदलाबदल करून घ्यावीं. १६ वजा १२ चार. १२ वजा १० दोन. म्हणून भारी सोन्याचे दोन भाग आणि हलक्याचे चार, म्हणजे १ : २. जो सुवर्णकार आपल्या डोळ्यांसमोर मूस फुंकीत बसला आहे त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवण्याची गरज या दोन वजाबाक्यांनीं नाहींशी केली.

युरोपांत पीसा येथील लिओनार्दो, ज्याला फिबोनाची म्हणतात, त्यानें १२०२ सालच्या आपल्या ग्रंथांत चांदी व तांबें मिसळून नाणीं पाडण्याच्या हिशेबांना एक अख्खें प्रकरण दिलें. पुढें या रीतीला ‘ॲलिगेशन’ हें नांव पडलें. त्याचा मूळ लॅटिन अर्थ बांधणें. कारण पाटीवर भारी व हलका आंकडा तिरकस रेघेनें एकमेकांस बांधून मग वजाबाकी करीत. सोळाव्या शतकांत ही रीत नाण्यांवरून औषधांवर आणि औषधांवरून वाइनवर आली. बरोबर या चिन्हाच्या दोन समांतर रेघा ज्यानें जगाला दिल्या तो रॉबर्ट रेकॉर्ड स्वतः वैद्य होता. आपल्या अंकगणितांत या रीतीचे उपयोग सांगतांना, औषधें व धातू यांसाठीं ती फार उपयोगी आहे असें म्हणून तो पुढें लिहितो कीं, वाइनच्या मिश्रणांतही तिचा उपयोग होतो, पण हल्लीं होतो त्याहून तो कमी झाला असता तर बरें. अंकगणिताच्या लेखकानें आपल्याच रीतीविषयीं अशी खंत व्यक्त केल्याचें दुसरें उदाहरण सहसा सांपडणार नाहीं.

येथें एक सूक्ष्म बदल होऊन गेला होता. सोनें तोलीत, वाइन मापीत. वजनाची बेरीज नेहमीं जमते. मापाची जमेलच असें नाहीं. हा धोका फार पूर्वीं आर्किमिडीझच्या प्रसिद्ध गोष्टींतही दडलेला होता. राजा हिएरोच्या मुकुटांत सोनाराने चांदी मिसळली कीं काय, हें पाण्यांत बुडवून ओळखल्याची ती कथा रोमन वास्तुकार व्हिट्रूव्हियस यानें सांगितली आहे. भास्कराचार्य घटकांवरून मिश्रण सांगतात. आर्किमिडीझ मिश्रणावरून घटक शोधतो. परंतु त्यासाठीं सोन्यानें व्यापलेली जागा आणि चांदीनें व्यापलेली जागा यांची बेरीज म्हणजेच मुकुटाची जागा, हें मानावें लागतें. सोनें-चांदीच्या बाबतींत तें जवळजवळ खरें आहे, म्हणून कथा टिकली. दारूच्या बाबतींत तें खोटें आहे.

मद्यावर कर बसविणाऱ्या सरकारपुढें प्रश्न असा असतो कीं, पिंपांत द्रव किती हें दिसतें, पण त्यांत मद्यार्क किती हें दिसत नाहीं. आणि कर घ्यावयाचा तो पाण्यावर नव्हे, मद्यार्कावर. इंग्लंडांत जुनी परीक्षा बंदुकीच्या दारूची होती. मराठींत या दोन्ही पदार्थांना दारू हा एकच शब्द आहे, पण त्या परीक्षेंत त्यांची खरोखरच गांठ पडे. बंदुकीच्या दारूवर मद्य ओतून पेटवीत. मद्य जळून गेल्यावर बंदुकीची दारू भडकली तर मद्य पुरेसें कडक, ‘प्रूफ’ला उतरलें, पाण्यानें भिजून ती विझून राहिली तर तें पातळ. यांत दोष असा कीं, ओतणाऱ्याचा हात सैल असला कीं चांगलें मद्यही नापास होई. पुढें सुमारें १७३० पासून क्लार्क नांवाच्या कारागिराचें तरतें उपकरण, म्हणजे हायड्रॉमीटर, अबकारी अंमलदारांच्या हातीं आलें. कल्पना जुनीच होती, इ. स. ४०० च्या सुमारास सायनीसियस यानें अलेक्झांड्रियाच्या विदुषी हायपेशिया हिला पत्र पाठवून तसलें एक उपकरण करवून मागितलें होतें. द्रव हलका असला तर नळी खोल बुडते, जड असला तर वर राहते. मद्यार्क पाण्याहून हलका. तेव्हां बुडण्याच्या खोलीवरून प्रमाण काढतां यावें.

परंतु नळीवरच्या रेघांचे आंकडे ठरवावयाचे कसे? मद्यार्क आणि पाणी यांच्या मधोमध घनता आली म्हणजे निम्मे-निम्मे, असा त्रैराशिकाचा हिशेब कोणीही करील. तो चुकतो. पन्नास मापें शुद्ध मद्यार्क आणि पन्नास मापें पाणी एकत्र ओतलें तर शंभर मापें होत नाहींत; सुमारें ९६-९७ च होतात. भांडें गळत नाहीं, कांहीं उडून जात नाहीं, वजन गुंजभरही घटत नाहीं. तरी तीन-चार मापें नाहींशीं होतात, आणि भांडें मात्र हाताला कोमट लागतें. घरांतल्या घरांत याचें एक ढोबळ चित्र पाहतां येतें. एक माप वाटाणे आणि एक माप मोहरी एकत्र केली तर दोन मापें भरत नाहींत, कारण मोहरी वाटाण्यांच्या मधल्या जागेंत शिरते. मद्यार्क आणि पाणी यांच्या कणांत त्याखेरीज एकमेकांना ओढून धरण्याचेंही आकर्षण आहे.

हा फरक पैशांत केवढा होतो तें पाहावें. शंभर मापें मद्यार्क आहे, त्याचें तेज शेंकडा ९६. तें पाणी घालून शेंकडा ४० वर आणावयाचें आहे. शाळेच्या रीतीनें ९६ ला ४० टक्क्यांचें एकूण माप २४०, म्हणून पाणी १४० मापें. प्रत्यक्षांत १४० घातलीं तर एकूण सुमारें २३३ च भरतात आणि तेज ४१ च्या वर राहतें. २४० भरण्यास सुमारें १४७ मापें पाणी लागतें. सात मापांचा हा गोंधळ एका पिंपाचा. राज्यांतील सर्व पिंपांचा मिळून तो किती होईल, आणि व्यापारी व अंमलदार यांपैकीं ज्याला तो आधीं कळेल तो दुसऱ्याला किती फसवील, याची कल्पना करतां येते.

म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारनें हें कोडें रॉयल सोसायटीकडे सोंपविलें. सोसायटीचे चिटणीस चार्ल्स ब्लॅग्डेन यांनीं १७९० सालीं आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतील मुख्य निर्णय साधा होता. मिश्रणें मापानें करावयाचीं नाहींत, वजनानें करावयाचीं. सोसायटीचे कारकून जॉर्ज गिल्पिन यांनीं शंभर भाग मद्यार्कांत पांच भाग पाणी, मग दहा, मग पंधरा, अशी पायरीपायरीनें मिश्रणें तोलून केलीं. समसमान झाल्यावर पाणी शंभर भाग धरून मद्यार्क पांच-पांचानें कमी करीत नेला. आणि प्रत्येक मिश्रणाची घनता ३० अंश फॅरनहाइटपासून १०० अंशांपर्यंत दर पांच अंशांवर पाहिली. उष्णतेनें द्रव फुगतो, म्हणून उन्हाळ्यांतील पिंप आणि हिवाळ्यांतील पिंप एकच असूनही त्याचें माप वेगळें. तोही घोळ निस्तरावयाचा होता. १७९४ सालीं गिल्पिनचीं कोष्टकें छापून निघालीं. त्यांत एकही सूत्र नाहीं. नियम ठाऊक नव्हता, म्हणून प्रत्येक पायरी मोजून काढली. ज्या कारकुनानें हें कंटाळवाणें काम निष्ठेनें केलें त्याचें नांव आज फारसें कोणी घेत नाहीं. अशा कामाचें ऋण मोठें असतें.

या कोष्टकांच्या आधारानें अबकारी खात्यानें बार्थॉलोम्यू साइक्स याचें पितळी उपकरण पसंत केलें. तो १८०३ सालीं वारला. पार्लमेंटनें कायद्यानें तें मान्य केलें तें १८१६ सालीं. त्या कायद्यानें ‘प्रूफ’ची व्याख्या बंदुकीच्या दारूच्या तावडींतून सोडविली: ५१ अंश फॅरनहाइट उष्णतेला ज्या मद्याचें वजन तेवढ्याच मापाच्या ऊर्ध्वपातित पाण्याच्या बारा-तेरांश भरेल तें प्रूफ. योगायोग असा कीं, त्याच १८१६ सालीं मुंबईंत डॉ. जॉन टेलर यांनीं केलेलें ‘लीलावती’चें इंग्रजी भाषांतर छापून निघालें. मिश्रणाच्या शुद्ध त्रैराशिकाचा ग्रंथ मुंबईंत इंग्रजींत येत होता, आणि त्या त्रैराशिकाला अपवाद सांगणारा कायदा लंडनमध्यें होत होता. पुढें ही लंडनची परिभाषा मुंबई इलाख्याच्या खेडोपाडीं पोंचली. १८७८ च्या अबकारी कायद्यानंतरच्या काळांत मोहाची दारू ‘२५ अंडर प्रूफ’ आणि ‘६० अंडर प्रूफ’ अशा आंकड्यांनीं विकली जाऊं लागली. ६० अंडर प्रूफचीं शंभर मापें म्हणजे मद्यार्काच्या दृष्टीनें प्रूफचीं चाळीस. मोहाचीं फुलें ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या आपल्या अंगणांत गाळलीं त्या ठाणें जिल्ह्यांतील आदिवासींना हा हिशेब कोणी समजावून दिला असेल असें वाटत नाहीं. त्यांच्या वांट्याला आला तो कर.

रशियांत दिमित्री मेंडेलेयेव्ह यानें १८६५ सालीं डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला तो याच मद्यार्क व पाणी यांच्या संयोगावर. व्होडकाचें ४० टक्क्यांचें तेज त्यानें ठरविलें अशी एक लाडकी दंतकथा आहे. तें प्रमाण तेथें १८४३ सालींच आलें होतें. मेंडेलेयेव्ह तेव्हां नऊ वर्षांचा होता.

आतां पुन्हां दुधाकडे. दूध व पाणी यांच्या मिश्रणांत मद्यार्कासारखी घट होत नाहीं. तेथें शाळेचें गणित प्रामाणिक आहे. अडचण निराळीच आहे. दुधाची परीक्षा करणारा लॅक्टोमीटर हा हायड्रॉमीटरचाच धाकटा भाऊ. पाण्याची घनता १ धरली तर चांगल्या दुधाची सुमारें १.०३० असते, पाणी घातलें कीं ती उतरते, आणि नळी खालीं जाते. परंतु दुधांतील साय पाण्याहून हलकी असते. साय काढून घेतली तर दूध अधिक जड होतें आणि नळी वर येते. मग त्यांत बेतानें पाणी घातलें कीं नळी पुन्हां मूळच्या रेघेवर येऊन उभी राहते. गिऱ्हाइकाची साय गेली, वर पाणी मिळालें, आणि उपकरण सांगतें कीं दूध उत्तम आहे! गणिताच्या भाषेंत बोलायचें तर अज्ञात दोन आणि समीकरण एक; उत्तर निघणार कसें? दुसरें समीकरण १८९० सालीं अमेरिकेंत विस्कॉन्सिन येथें स्टीफन बॅबकॉक यांनीं दिलें. दुधांत तीव्र आम्ल घालून स्निग्धांशाखेरीज बाकीचें सारें विरघळवून टाकावें, नळी चक्रांत गरगर फिरवावी, आणि वर जमलेला स्निग्धांश रेघांवर वाचावा. या युक्तीचें पेटंट त्यांनीं घेतलें नाहीं.

पाण्याचा शोध घेण्याची आणखी एक परीक्षा आहे, आणि ती थंडीची आहे. दूध शून्य अंश सेल्सियसला गोठत नाहीं. सुमारें उणें ०.५४ अंशाला गोठतें. गाईच्या रक्तांतील व दुधांतील विरघळलेल्या द्रव्यांचा तोल शरीर स्वतःच संभाळतें, म्हणून हा आंकडा फार हलत नाहीं. साय काढली तरी तो ढळत नाहीं, कारण साय विरघळलेली नसते. पाणी घातलें कीं मात्र तो शून्याकडे सरकतो, आणि सरकतो तोही जवळजवळ त्रैराशिकानेंच: उणें ०.४८६ आला तर दहावा हिस्सा पाणी.

मुंबईंत १९४६ सालीं या साऱ्या कथेला एक विलक्षण वळण मिळालें. शहराला दूध पुरत नव्हतें, आणि जें होतें तें म्हशीचें, दाट व महाग. दारा खुरोडी यांनीं म्हशीच्या दुधांत उघडपणें पाणी घालण्याची योजना आंखली. तें टोन्ड दूध. हिशेब असा: १०० किलो म्हशीच्या दुधांत स्निग्धांश ७ किलो आणि इतर घन द्रव्यें सुमारें ९ किलो धरावीं. स्निग्धांश ३ टक्के पुरे मानला तर ७ किलोंत २३३ किलो दूध निघेल. पण नुसतें पाणी घातलें तर ते ९ किलो घन द्रव्य २३३ किलोंत पसरून चार टक्क्यांच्याही खालीं जाईल. मूल पाणीच पिईल. तें साडेआठ टक्के राखावयाचें तर सुमारें १९.८ किलो हवें. म्हणून उरलेलें १०.८ किलो सायविरहित दुधाच्या भुकटींतून घालावयाचें. गवळी पाणी घालतो तेव्हां दुधाचा सर्वच कस उतरतो. येथें एकच अंश उतरविला आणि दुसरा राखला, आणि किंमत उतरविली. जें दारांत चोरून होत असे तेंच सरकारी योजनेंत तराजू पुढें ठेवून झालें, एवढाच काय तो भेद; पण तान्ह्या मुलाच्या घरांत तो भेद लहान नव्हता.

दुग्धशाळेंत हा हिशेब शिकवितांना फळ्यावर एक चौकोन काढतात; त्याला पिअर्सनचा चौकोन म्हणतात. डावीकडच्या एका कोपऱ्यांत म्हशीच्या दुधाचे ७, दुसऱ्या कोपऱ्यांत सायविरहित दुधाचें शून्य, आणि मध्यें हवे असलेले ३. तिरकस वजाबाकी करावयाची: ७ वजा ३ चार, ३ वजा शून्य तीन, आणि अदलाबदल करून घ्यावयाची. म्हशीचें दूध ३ भाग, सायविरहित ४ भाग. सोळा आणि दहा वर्णांच्या गुटिकांचें बारा वर्णांचें सोनें करतांना लीलावतींत जी वजाबाकी झाली तीच ही. आणि हे भाग लिटरचे धरीत नाहींत, किलोचे धरतात.